किहीमचे हाईम साहेब : बनी इस्राईलचा इतिहास लिहिणारा कोकणी माणूस

कोकणात एक कौम अशी होती की ती वर्षातून एक महिना रोजे ठेवायची आणि त्या महिन्याला रमजान म्हणायची. तिच्या धर्मकार्य करणाऱ्या माणसाला काजी म्हणत. इबादतीच्या जागेला बोलीभाषेत मशीद म्हणत. मुलांची सुन्नत होई, मय्यत दफन केली जाई, आणि एका नबींच्या नावाने उरूसही होत असे. तरीही ही कौम मुसलमान नव्हती. ते होते बेने इस्रायल, म्हणजे आपण ज्यांना बनी इस्राईल म्हणतो ते. घरात मराठी बोलणारे, अलिबाग-पेणच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे यहुदी.

ही माहिती आज आपल्या हाती आहे ती मुख्यतः एका माणसामुळे. हाईम सॅम्युएल किहीमकर. त्यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला आणि त्यात सणांच्या नावांपासून दागिन्यांपर्यंत सगळं नोंदवलं. यहुद्यांत धर्मशास्त्राच्या आलिमला रब्बी म्हणतात. किहीमकर रब्बी नव्हते. खरं म्हणजे बेने इस्रायलमध्ये त्या काळी रब्बी असा कोणी नव्हताच. पण जे काम दुसऱ्या देशांत रब्बी करत, म्हणजे आपल्या लोकांना इल्म देणं, आपल्या मजहबची बाजू दुसऱ्यांना समजावून सांगणं, परक्यांच्या शंकांना उत्तरं देणं, ते काम या साध्या गृहस्थाने आयुष्यभर केलं.

नाव ऐकूनच गाव कळतं. किहीम, अलिबागच्या उत्तरेला समुद्रकिनाऱ्यावरचं. आपल्या वाचकांना ते आणखी एका कारणासाठी माहीत असेल. पक्षीतज्ज्ञ सालीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो याच किहीममध्ये, १९३० साली. तय्यबजी घराण्याचं आणि या किनाऱ्याचं नातंही जुनं. म्हणजे एकाच छोट्या गावाने एक यहुदी इतिहासकार दिला आणि एका मुसलमान शास्त्रज्ञाला त्याचं पहिलं मोठं काम दिलं. आमच्या चारकोपमध्ये एखाद्या वर्गात हजेरी घ्यायला उभं राहिलं की पारकर, चिपळूणकर, पावसकर अशी नावं येतात आणि नुसत्या आडनावावरून मूल हिंदू की मुसलमान हे सांगता येत नाही. कोकणाची ही रीतच आहे, गावाचं नाव आणि पुढे कर. बेने इस्रायलनेही तेच केलं. शंभराहून जास्त गावांची नावं त्यांच्या आडनावांत आहेत : दिवेकर, राजपूरकर, झिराडकर, शापूरकर, तळकर.

हाईम यांचा जन्म १८३० सालचा, अलिबागचा. तो काळ त्यांच्या समाजासाठी मोठ्या उलथापालथीचा होता. खेड्यात या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. एवढी एक गोष्ट शेजाऱ्यांच्या लक्षात राहिली होती. बाकी हिब्रू भाषा गेली होती, तौरातची प्रत गावात नव्हती, नमाजेसारख्या रोजच्या प्रार्थना विसरल्या होत्या. राहिलं होतं ते थोडंच : शनिवार पाळणं, आठव्या दिवशी मुलाची सुन्नत, खवले आणि पर नसलेली मासळी न खाणं, आणि शेमा नावाची एक छोटी प्रार्थना, जिच्यात खुदा एक आहे याची गवाही आहे. जन्म असो, लग्न असो, मय्यत असो, प्रत्येक वेळी हीच प्रार्थना म्हटली जाई. दुसरी येतच नव्हती. पुस्तक नाही, आलिम नाही, मदरसा नाही, आणि तरी तौहीदचा एक धागा शेकडो वर्षं तुटला नाही. हे वाचताना मी थांबलो होतो. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत मकतब आहे, मोबाईलवर सगळ्या तफसीर आहेत, त्या मानाने हे काय होतं याचा विचार करून पाहा.

मग इंग्रजांचं राज्य आलं आणि बेने इस्रायल मुंबईला येऊ लागले. फौजेत शिपाई आणि सुभेदार झाले, गोदीत आणि बांधकामांवर कारागीर झाले, पुढे कारकून झाले. त्यांच्या पाठोपाठ मिशनरीही आले. अमेरिकन मिशनने आणि नंतर स्कॉटलंडच्या जॉन विल्सन यांनी बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढल्या. विल्सन यांनी तर मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. हेतू उघड होता. यहुद्यांना त्यांच्याच भाषेतून त्यांची किताब शिकवायची आणि तिथून हळूच येशूकडे न्यायचं. पण झालं भलतंच. बेने इस्रायल मुलं शिकली, हिब्रू वाचायला लागली, तौरात हातात घेतली, आणि शिकून आपल्याच मजहबात आणखी पक्की झाली. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे, बोटावर मोजण्याइतके. किहीमकरांनी आपल्या पुस्तकात मिशनऱ्यांचे आभार मानायला संकोच केला नाही. त्यांच्यामुळे आमची तालीम सुरू झाली हे ते सरळ मान्य करतात, आणि त्यांचा धर्म आम्ही घेतला नाही हेही तितक्याच शांतपणे नोंदवतात.

मला यात त्या माणसाचा स्वभाव दिसतो. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी बोलताना दोनच रस्ते असतात असं आपल्याला वाटतं, भांडायचं नाहीतर गप्प बसायचं. हाईम साहेबांचा रस्ता तिसरा होता. घेतलेल्या गोष्टीची पावती द्यायची आणि न घेतलेल्या गोष्टीबद्दल माफी मागायची नाही.

१८५३ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या भावांना बरोबर घेऊन समाजात शिक्षण वाढवण्यासाठी एक संस्था उभी केली. प्रत्यक्ष शाळा सुरू व्हायला मात्र १८७५ उजाडलं. मधे बावीस वर्षं गेली! गरीब समाज, हातावर पोट असलेले लोक, वर्गणी किती जमणार? ज्यांनी आपल्या मोहल्ल्यात शाळेसाठी चंदा मागितला आहे त्यांना या बावीस वर्षांचा अर्थ सांगायला नको. पहिल्या दिवशी सगळे हात वर करतात, तिसऱ्या महिन्याला पावती पुस्तक घेऊन फिरणारे दोघेच उरतात. किहीमकर उरलेल्यांपैकी होते.

ही तारीख आपण जरा नीट पाहिली पाहिजे. १८७४ साली याच मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी आणि नाखुदा मोहम्मद अली रोगे यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. १८७५ च्या मे महिन्यात अलीगढला सर सय्यद अहमद खान यांचा मदरसा सुरू झाला, जो पुढे कॉलेज आणि मग युनिव्हर्सिटी झाला. आणि त्याच १८७५ मध्ये बेने इस्रायलची छोटीशी शाळा मुंबईत उघडली. तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट समजली होती, की इंग्रजांच्या राज्यात आपली मुलं शिकली नाहीत तर ती कायमची मागे पडतील, आणि नुसती इंग्रजी शाळेत घातली तर मजहब हातातून जाईल. तिघांचं उत्तरही जवळजवळ सारखंच होतं. दुनियेचं शिक्षण आणि दीनचं शिक्षण एकाच छताखाली. किहीमकरांच्या शाळेत मराठी होतं, इंग्रजी होतं आणि हिब्रूही होतं. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशन या संस्थेकडून तिला मदत मिळू लागली, आणि पुढच्या दोन दशकांत त्या छोट्या शाळेचं हायस्कूल झालं. इस्रायलाइट स्कूल या नावाने ती ओळखली जाई.

या कामात ते एकटे नव्हते हेही सांगायला हवं. त्यांच्याहून चार वर्षांनी लहान जोसेफ इझिकेल राजपूरकर हे त्यांचे समकालीन. राजपूरकर डेव्हिड ससून यांच्या शाळेत सुमारे चाळीस वर्षं हेडमास्तर होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते, आणि यहुद्यांच्या प्रार्थनांची पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात एक हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे फिरऔनच्या गुलामीतून सुटका झाल्याच्या सणाला घरी वाचायचं पुस्तक. हजरत मूसा (अ.स.) यांचा तो किस्सा आपल्यालाही पाठ आहे. त्या पुण्याच्या प्रतीत हिब्रूबरोबर मराठी अर्थ आहे आणि चित्रांत मराठी लुगडं नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या रोट्या करताना दिसतात. तेल काढणाऱ्यांची ही कौम पन्नास वर्षांत छापखान्यापर्यंत पोचली होती.

आता त्या मोठ्या पुस्तकाकडे येऊ.

किहीमकरांना इतिहास लिहावा का वाटला? शौक म्हणून नाही. एक जखम होती. १८३० नंतर बगदाद आणि आसपासच्या भागातून यहुदी व्यापारी मुंबईत आले. त्यांच्यात सर्वांत मोठं नाव डेव्हिड ससून. हे लोक अरबी बोलत, श्रीमंत होते, धर्माच्या बाबतीत काटेकोर होते. सुरुवातीला ते बेने इस्रायलच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला येत. पण थोड्याच वर्षांत त्यांना शंका यायला लागली की हे सावळे, मराठी बोलणारे, हळद लावून लग्न करणारे लोक खरे यहुदी आहेत तरी का? १८३६ साली बगदादी यहुद्यांनी सरकारकडे अर्ज केला की कब्रस्तानात आमच्या आणि यांच्या कबरींच्या मधे भिंत घाला. मेल्यानंतरसुद्धा वेगळं! हाईम तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे हीच शंका पुन्हा पुन्हा वर आली, लग्नसंबंधांत आली, प्रार्थनेच्या रांगेत आली.

आपल्याच मजहबच्या माणसाने तू अस्सल नाहीस म्हणणं हे परक्याच्या शिवीपेक्षा जास्त लागतं. कोकणी, देशी, परदेशी, सय्यद, अन्सारी करणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. किहीमकरांनी या अपमानाचं उत्तर पुराव्याने द्यायचं ठरवलं.

त्यांचा मुद्दा असा. बेने इस्रायलच्या तोंडी परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जहाजाने आले, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी किनाऱ्यावर टाकली ती नवगावलाच पुरली गेली. सामान गेलं, किताबा गेल्या. हे कधी झालं? किहीमकरांनी अंदाज बांधला इसवी सन पूर्व १७५ च्या सुमाराचा, जेव्हा अँटिओकस नावाच्या ग्रीक बादशहाच्या जुलमामुळे यहुदी आपला मुलूख सोडून पळत होते. त्यांची दलील हुशारीची होती. ते म्हणतात की आमच्या खेड्यातल्या लोकांना हनुक्का हा सण माहीतच नव्हता. हनुक्का त्या जुलमानंतरच्या विजयाची आठवण म्हणून सुरू झाला. तेव्हा ज्यांना तो माहीत नाही ते त्याच्या आधीच निघालेले असणार.

शिक्षक म्हणून मला इथे थोडं अडायला होतं. एखादा सण माहीत नसणं हा पुरावा कमजोर आहे. सगळंच विसरलेल्या लोकांनी हनुक्काही विसरला असू शकतो. आणि सात जोडप्यांच्या जहाज फुटण्याची गोष्ट कोकणच्या किनाऱ्यावर दुसऱ्याही लोकांत सांगितली जाते, चित्पावन ब्राह्मणांत तशीच आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी बेने इस्रायलच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पश्चिम आशियातल्या यहुद्यांशी नातं आणि इथल्या मातीशी नातं अशी दोन्ही निघाली. म्हणजे मूळ मुद्दा, की हे लोक बाहेरून आलेल्या यहुद्यांचे वंशज आहेत, बरोबर ठरला. तारखेचं तसं म्हणता येणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी हातात प्रयोगशाळा नसताना, फक्त सणांची नावं, नवगावच्या कबरी आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी घेऊन त्यांनी जे उभं केलं ते काही कमी नव्हे.

आणि सणांच्या नावांचा तो भाग तर आपल्यासाठी सर्वांत रंजक आहे. किहीमकरांनी दोन थर वेगळे केले. पहिला थर मराठी नावांचा. नव्याचा सण म्हणजे यहुदी वर्षाची सुरुवात. खिरीचा सण, नव्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर. दारफळणीचा सण म्हणजे त्यांचा योम किप्पूर, दारं लावून घेऊन दिवसभर उपास आणि तौबा, त्या दिवशी बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही. दुसरा थर उर्दू-फारसी शब्दांचा. एलुल महिन्यातले उपास ते रमजान. नव्या वर्षानंतरचा एक उपास तो नव्याचा रोजा. बैतुल मकदिसचं हैकल पाडलं गेलं त्याच्या दुःखाचा दिवस तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. आणि एलियाहू हन्नाबीचा उरूस. एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास (अ.स.). त्यांच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचा मलिदा करतात. आपल्या दर्ग्यावर मलिदा असतो, यांच्या घरी नवस फेडायला मलिदा. अलिबाग तालुक्यात एका खडकावर एलियाहूंच्या स्वारीच्या खुणा आहेत असं ते मानतात.

किहीमकरांचं म्हणणं असं की मराठी नावांचे सण जुने, आणि रोजा, रमजान, उरूस या नावांचे दिवस नंतर आले. कोकणात मुसलमानांची वस्ती आणि राज्य आल्यानंतर, जेव्हा डेव्हिड राहाबी नावाच्या एका यहुदी आलिमने या लोकांना शोधून काढलं आणि विसरलेला मजहब परत शिकवला, तेव्हा. राहाबींची गोष्ट कोकणात अजून सांगतात. त्यांनी बायकांना वेगवेगळी मासळी रांधायला दिली. बायकांनी खवले-पर नसलेली मासळी बाजूला काढली आणि ही आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. तिथेच राहाबींची खात्री पटली. हे कधी घडलं यावर वाद आहे, कोणी हजार वर्षं म्हणतं, कोणी अठरावं शतक. त्यांनी तीन घराण्यांतली माणसं तयार केली आणि त्या माणसांना लोक काजी म्हणू लागले. शब्द शेजाऱ्यांचा, काम स्वतःचं. आजूबाजूला आदराचा जो शब्द ऐकू येत होता तोच त्यांनी उचलला.

मुंबईतल्या पहिल्या सिनेगॉगची हकीगतही अशीच. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. पुढची गोष्ट बेने इस्रायल घराघरात सांगतात. कैद्यांना जात विचारली गेली, यांनी आपण बनी इस्राईल असल्याचं सांगितलं. टिपू सुलतानच्या आईने कुरआन शरीफमध्ये बनी इस्राईलचा जिक्र पुष्कळदा वाचला होता, पण त्या कौमचा जिवंत माणूस कधी पाहिला नव्हता. तिने मुलाला यांची जान बख्शायला सांगितलं. दिवेकर सुटून मुंबईला आले आणि मानलेल्या नवसाप्रमाणे १७९६ साली त्यांनी सिनेगॉग बांधलं. शार हारहमीम, रहमतीचा दरवाजा असा त्याचा अर्थ. गोष्टीतला सगळा तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरेल असं मी म्हणणार नाही, पण सिनेगॉग खरं आहे, आजही सॅम्युएल स्ट्रीटवर उभं आहे. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं बेने इस्रायल सांगतात. हार्बर लाइनने रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

एक अडचणीची गोष्टही इथे टाळता कामा नये. जुन्या लेखकांपैकी काहींनी असं लिहिलं आहे की या लोकांनी यहुदी हे नाव न लावता बेने इस्रायल हे नाव धरलं, कारण मुसलमान राज्यात यहुदी शब्दाबद्दल लोकांच्या मनात अढी होती आणि बनी इस्राईल हे नाव कुरआनात इज्जतीने आलेलं होतं. एका सूरतचंच दुसरं नाव बनी इस्राईल आहे. हा तर्क खरा असेल तर त्यात आपलं कौतुकही आहे आणि आपल्यासाठी प्रश्नही आहे. आज फलस्तीनच्या बातम्या पाहून आपल्या घरातल्या मुलांच्या मनात जो राग येतो तो मी समजतो, तो माझ्याही मनात आहे. पण शाळेच्या मधल्या सुट्टीत एक पोरगा दुसऱ्याला यहुदी म्हणून शिवी देतो, तेव्हा त्याला हे माहीत नसतं की तो शब्द अलिबागच्या एखाद्या तेल्यालाही लागतो, ज्याने आपल्या रोज्यांना रमजान हे नाव दिलं होतं. जुलूम करणाऱ्या हुकूमतीला नावानिशी जबाबदार धरावं. सगळ्या कौमला त्यात ओढायचं कारण नाही.

कोकणात या दोन समाजांचं नातं मोठं भांडणाचं नव्हतंच. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या रियासतीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शालोम बापूजी हे बेने इस्रायल गृहस्थ कारभारी होते. नवाब मुसलमान, रयत बहुतेक हिंदू, कारभारी यहुदी.

किहीमकरांनी आपल्या लोकांची फक्त तारीफ लिहिली असती तर ते पुस्तक केव्हाच विसरलं गेलं असतं. त्यांनी उणं तेही लिहिलं. बेने इस्रायलमध्ये गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. ज्यांच्या घराण्यात कधीतरी बाहेरची, यहुदी नसलेली आई आली होती ते काळे. दोघांची सोयरीक होत नसे. ज्या समाजाला बगदादींनी कब्रस्तानात भिंत दाखवली, त्याने घरात तशीच भिंत घालून ठेवली होती. हे किहीमकरांनी लपवलं नाही. विधवेचं लग्न न करणं, गाईचं मांस न खाणं, हे तौरातमध्ये नसलेले रिवाज शेजारच्या हिंदूंकडून आले हेही त्यांनी मान्य केलं. पण या भेदावर त्यांनी हवा तेवढा जोरदार आवाज उठवला असं मला वाटत नाही. त्यांचा सगळा जोर बाहेरच्यांना उत्तर देण्यात गेला.

पुस्तक लिहून झालं १८९७ मध्ये. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात यहुद्यांसाठी वेगळं वतन मागणाऱ्यांची, सायोनिस्टांची, पहिली परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्रायललाही बोलावणं आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. त्यांची समजूत अशी होती की बैतुल मकदिसला परत जाणं हे खुदाच्या हुकमाने होईल, माणसाच्या ठरावाने नव्हे. पुढे पन्नास वर्षांत काळ बदलला, माणसं बदलली, हजारोंनी इस्रायलला गेली. पण १८९७ सालचा मुंबईचा बेने इस्रायल स्वतःला इथलाच समजत होता, हे नोंदवायला हवं.

हाईम साहेब विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वारले, ऐंशीच्या आसपास वय होतं. पुस्तक तोवर छापलं गेलं नव्हतं. आयुष्यभर शाळेसाठी पैसे जमवणाऱ्या माणसाला आपल्या किताबसाठी पैसे जमवता आले नाहीत, की त्यांनी ते मागितलेच नाहीत? हस्तलिखित चाळीस वर्षं तसंच राहिलं. १९३६ साली इमॅन्युएल ऑल्सवँगर नावाचे विद्वान सायोनिस्ट चळवळीचे प्रतिनिधी म्हणून भारतात आले होते. त्यांच्या हाताने ते १९३७ मध्ये तेल अवीवला छापून निघालं. ज्या चळवळीचं बोलावणं त्यांच्या समाजाने परत पाठवलं होतं, तिच्याच माणसाने त्यांचं पुस्तक जगापुढे आणलं. बेने इस्रायलवर आज जगात कुठेही कोणी लिहायला बसलं की पहिलं नाव किहीमकरांचंच घेतं, मग त्यांची तारीख पटो किंवा न पटो.

बगदादींची शंका मात्र त्यांच्या पुस्तकाने मिटली नाही. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलच्या लग्नांवर तिथल्या रब्बींनी १९६० नंतर पुन्हा तीच अट घातली, वंश सिद्ध करा. मराठी बोलणाऱ्या या लोकांना तिथे धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये ते प्रकरण सुटलं.

शाळेचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. बगदादला जन्मलेले आणि शांघाय-हाँगकाँगमध्ये पैसा कमावलेले सर एली कदूरी यांनी शाळेला मोठी देणगी दिली आणि शाळा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. म्हणजे शेवटी एका बगदादी यहुद्यानेच किहीमकरांच्या शाळेला हात दिला. १९२२ पासून सुमारे तीन दशकं रिबेका रुबेन या तिथे मुख्याध्यापिका होत्या, मराठी घरातली यहुदी बाई, त्या काळात एवढी मोठी शाळा चालवणारी. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबं एकेक करून निघून गेली. शाळेची बाकं रिकामी व्हायला लागली. माझगाव, डोंगरी, भायखळ्याच्या आपल्या मोहल्ल्यांतली मुलं त्या बाकांवर येऊन बसली. आज माझगावच्या सर एली कदूरी शाळेत बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. तिथे शिकलेली आणि आता चारकोप-मालवणीकडे राहायला आलेली माणसं आपल्यातही असतील. शनिवारी शाळेला सुट्टी का असायची हे त्यांना लहानपणी कोणी सांगितलं होतं का, ते त्यांनीच सांगावं.